घुबडाच्या नावावरचे सिनेमे

४ फेब्रुवारी

छोट्या,

आशीर्वादाने सुरुवात करणार होते, पण तू घेशील की नाही कोण जाणे, म्हणून कोरडंच लिहिते. पत्र बघून घाबरू नकोस. कोणी आजारी नाही. आजारी पडायला घरात आता मी एकटीच आहे आणि मी ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, आणि दातांच्या लॅबमधल्या पॉलिशवाल्या बाईच्या फोनवरून तुला गाठायचं म्हणजे मागच्या दाराने शिरल्यासारखं झालं असतं. तेवढी मी अजून घसरलेली नाही.

काम एवढंच की तुझा तो गेमचा डबा. परवा टीव्हीवर पाटी आली. सिनेमे दाखवणारी ती सेवा ३१ मार्चनंतर एवढ्या जुन्या यंत्रावर चालणार नाही, नवीन यंत्र घ्यावं, अशी विनंती केली आहे. विनंती कसली, हुकूमच. नवीन मी घेणार नाही. जुन्याचीच बटणं शिकायला मला किती दिवस लागले ते माझं मला माहीत. फुली दाबली की होकार आणि गोल दाबला की नकार, हे ज्याने ठरवलं तो कधी शाळेत गेला नसावा.

तर डब्याचं काय करू ते कळव. पार्सल करून पाठवू? तुझे गेमही त्यातच असतील ना? त्या मोटारींच्या शर्यतीत आई तुझ्या बाजूला बसून नुसतीच वाकडी व्हायची, वळण आलं की. मी काही डबा रोज लावत नाही. कधीमधी रविवारी, धूळ बसू नये म्हणून. पंखा हल्ली फार घुरघुरतो. वरच्या मजल्यावरच्या रिटायर ड्रायव्हरने जिन्यात विचारलं, "ताई, तुमच्याकडे मिक्सर दोन-दोन तास काय वाटत असतो?" मी म्हटलं, दात.

लॅब तशीच आहे. ठसे येतात, मी साचे ओतते, मेण लावते, दात बसवते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं मात्र वीस वर्षं भरतंय. मास्तरांना आता बारीक दिसत नाही, त्यामुळे पुढच्या दातांचं सगळं माझ्याकडे असतं.

आईला जाऊन तीन वर्षं आणि चार महिने झाले. तू दारात उभा राहून "तू मला फसवलंस, आता मला ताई नाही" म्हणालास, त्यालाही आठवडाभर कमी तेवढेच. मी मोजत बसत नाही. लिहिताना सहज हिशेब झाला.

डब्याचं तेवढं कळव.

ताई


१९ फेब्रुवारी

छोट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरूनही चालले नव्हते, तरी पोस्टमन खाली दिसला की चपला घालायचे. तोही आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो. चांगला माणूस आहे, जिना चढायला लावत नाही.

मागच्या पत्रात एक लिहिलं ते खरं नव्हतं. डबा मी रोज लावते. लॅबमधून आले की हातावरचं प्लास्टर धुते, चहा ठेवते आणि आधी डबा लावते, मग दिवा. कंट्रोलरची बॅटरी कधीच गेली, त्यामुळे तो वायर लावूनच चालतो, आणि वायर आहे हातभर. म्हणून मी टीव्हीसमोर आईच्या पाटावर बसते, नाक काचेला लागेल इतकी जवळ. सिनेमा कसला, नुसत्या नाकपुड्या दिसतात माणसांच्या. आणि दात. वरचे दात खोटे असले की मला लगेच कळतं. मोठमोठ्या नटांचे आहेत, सांगून खरं वाटणार नाही.

दोन-तीन तास हात लावला नाही की तो विचारतो, "तुम्ही अजून बघताय का?" सुरुवातीला मला राग यायचा. आता मी मोठ्याने म्हणते, "हो बाबा, बघतेय, जाते कुठे." दिवसभरात घरात मला कोणी विचारलेला तेवढाच प्रश्न असतो.

दुसरं म्हणजे मी आईच्या नावावर बघते. डबा लावला की "कोण बघतंय?" म्हणून दोन चित्रं येतात. तुझा तो अंतराळवीर, आणि तू आईसाठी चष्म्यावरून शोधलेलं घुबड. आठवतं, तिने तुझ्या पाठीत रट्टा घातला होता? "मेल्या, मी घुबड होय!" आणि मग पाहुण्या-रावळ्यांना स्वतःच दाखवत सुटली, हे माझं घुबड. मी तिसरं चित्र काढायला गेले नाही. तुझ्या अंतराळवीरावर बोट ठेवायचा मला हक्क नव्हता, आणि घुबड काही बोलणार नव्हतं.

घुबडात आईचा एक सिनेमा अर्धा राहिला होता. तो म्हातारा बेकरीवाला, ज्याला एक दिवस पावाची कृतीच आठवेनाशी होते. सत्तेचाळीस मिनिटं झालेली. "पुढे पाहा" म्हणून त्या ओळीत तो तीन वर्षं तसाच होता. मी बाकी सगळं बघितलं, त्याला हात लावला नाही. इतर सिनेमे संपले की तोच पुन्हा पुढे यायचा, म्हाताऱ्याचा पिठाने माखलेला चेहरा, खाली छोटीशी लाल रेघ अर्ध्यावर थांबलेली.

मग ती पाटी आली. मला वाटलं, ३१ मार्चला हे जाणारच आहे, मग मीच का बघून घेऊ नये? रविवारी दुपारी बसले आणि शेवटपर्यंत बघितला. संपल्यावर कळलं की संपलेला सिनेमा त्या ओळीतून निघून जातो. हे एवढं मला कळायला हवं होतं. रोज बघणारी मी, रोज इतर सिनेमे जाताना बघितलेले, आणि हाही जाईल असं डोक्यातच आलं नाही. मला तो सिनेमा वाटतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घुबडावर कुलूप होतं. चार आकडे टाका म्हणे.

खातं तुझं, तेव्हा कुलूपही तूच लावलं असणार. म्हणजे तू बघत होतास. तिकडे तुझ्या खोलीत बसून तू घुबड उघडायचास आणि ती लाल रेघ जागेवर आहे ना, हे बघून बंद करायचास. आणि मी बघितलेलेही सगळे तुला दिसत असणार. ते कोर्टाचे, ते समुद्रातले, ती चौदा भागांची रडकी मालिका मी दोनदा बघितली तेही. तीन वर्षं मला वाटत होतं की मी इथे एकटी आहे, आणि तुला माझी प्रत्येक संध्याकाळ दिसत होती. तू काही बोलला नाहीस, पण बंदही केलं नाहीस. हे मला कळलं ते कुलूप लागल्यावर.

चुकले. मुद्दाम केलं नाही, पण चुकले.

ताई


२१ फेब्रुवारी

कुलूप दिसल्यावर मी आकडे टाकून बघितले नाहीत असं तुला वाटायला नको. तीनदा टाकले. आईचा जन्मदिवस, ती गेली तो दिवस, आणि आपला जुना घरनंबर. तिन्ही चूक. बरंच झालं.


६ मार्च

छोट्या,

आज लॅबला सुट्टी घेतली. मास्तर म्हणाले, "तुम्ही? सुट्टी?" जणू मी त्यांचा साचाच फोडला. हे पत्र तीनदा लिहून फाडलं आहे, आणि कामावर जाऊन आले की संध्याकाळी हिंमत उरत नाही, म्हणून सकाळीच बसले आहे.

तू डॉक्टरांचा कागद बघितला होतास. त्यावरची तारीख आई गेली त्याच्या अकरा दिवस आधीची होती. तू विचारलंस, "हे तुला माहीत होतं?" मी म्हणाले, "तुझं पुलाचं काम बिघडू नये म्हणून नाही सांगितलं." तेवढ्या एका वाक्यावर मी साडेतीन वर्षं काढली. शेजारीपाजारी, मावशी, मास्तर, सगळ्यांना तेच सांगितलं. सगळे म्हणाले, बिचारीने भावाचा विचार केला. मला बिचारी म्हणवून घ्यायला काही वाटलं नाही.

भावाचा विचार मी केला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, घरी न्या, दोन आठवडे, फार तर तीन. मी तिला घरी आणलं, बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर पलंग लावला आणि तुला फोन केला. तू म्हणालास, "काय गं, आवाज का असा?" आणि मी म्हणाले, "काही नाही, आईला थोडा अशक्तपणा आहे. घाई करू नकोस, काम उरकून ये." तोंडातून निघून गेलं असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. तसं नव्हतं. फोन लावायच्या आधीच माझं ठरलं होतं.

तुला आठवत नसेल, पण मला आठवतं. बाबा गेल्यावर मी कामाला लागले आणि तू कॉलेजात असताना हा गेमचा डबा आणलास. रविवारी दुपारी तू आणि आई पलंगावर पाय पसरून. आधी गेम, मग सीड्या, मग हे सिनेमे. तुम्ही हसायचात ते मला ओट्याजवळ ऐकू यायचं. मध्येच तू ओरडायचास, "ताई, चहा!" आणि आई म्हणायची, "अरे, थांबव, तिला येऊ दे." तू थांबवायचास. मी चहा घेऊन यायचे तेव्हा दोघं माझ्याकडे असे बघायचात की कधी एकदा ही कप ठेवते. कुणी वाईट वागत नव्हतं. मला बसायला जागाही होती. पण तुमचं मध्यावर आलेलं असायचं आणि मला आधीचं काहीच माहीत नसायचं. मी परत आत जायचे.

तर ते अकरा दिवस मला हवे होते. एवढंच कारण आहे. तू आला असतास तर पहिल्या तासात पलंगावर तू असतास आणि मी ओट्याशी असते. मला सुरुवातीपासून बघायचं होतं.

तिने मला बटणं शिकवली. तिला स्वतःला येत नव्हती, पण तुझा अंगठा कुठे जायचा ते तिच्या लक्षात होतं. "छोट्या इथे दाबायचा बघ." दिवसाला दोन सिनेमे. मध्ये ती झोपायची, मी थांबवायचे, जागी झाली की म्हणायची, "कुठे होतो गं आपण?" आपण म्हणाली, छोट्या. मला आयुष्यात कोणी इतक्या सहज त्यात धरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "छोट्याला कळवलंस ना?" मी म्हणाले, "हो, निघालाय." हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

आठव्या दिवशी बेकरीवाल्याचा सिनेमा लावला होता. म्हातारा पीठ मळायला घेतो आणि हात हवेतच राहतात, तिथे ती म्हणाली, "थांबव. राहिलेला छोट्या आला की बघू." मी थांबवला. ती लाल रेघ म्हणजे हीच. तुझ्यासाठी थांबवलेली, आणि ती संपवली मी. अकरा दिवस पुरले नाहीत म्हणून तेवढंही घेतलं, असं तू म्हणशील. मी तुझ्या जागी असते तर तेच म्हणाले असते.

तुझा नंबर मला पाठ होता. फोन उशाशीच होता. अकराव्या दिवशी मला राहवलं नाही आणि मी लावला. तू दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलास, आणि ती सकाळी गेली होती.

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. चावला कोणी हे दुसऱ्याला कळत नाही, आपल्याला कळतं. माफ कर असं मी लिहीत नाही. तेही मागणंच झालं, आणि तुझ्याकडून मी पुरेसं घेतलं आहे.

डबा ३१ तारखेनंतर पार्सल करीन. पत्ता हाच राहू दे.

ताई


२० मार्च

छोट्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी मेणात होते. मास्तर आतून ओरडले, "ताई, तुमच्या भावाचा फोन आहे, लॅबच्या फोनवर!" आणि पॉलिशवालीने चाक बंद केलं. वीस वर्षांत ते चाक कुणाच्या फोनसाठी बंद झालेलं मी बघितलेलं नाही. सगळी लॅब कान झाली होती, म्हणून मी हूं-हूं करत राहिले, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. रिसीव्हरला अजून मेण चिकटलेलं आहे.

मला वाटलं होतं तू शिव्या देशील. त्या झेलायला मी तयार होते. तू नुसतं म्हणालास, "अजून काय म्हणाली ती?" आणि मला पहिल्यांदा लक्षात आलं की ते अकरा दिवस दुसऱ्या कोणाकडे नाहीतच. मी जेवढं सुचलं तेवढं सांगितलं. तिला मोसंबं नको झालं होतं, ती खिडकी उघडी ठेवायला सांगायची, समुद्राच्या सिनेमात तिने पाय वर घेतले. तू मध्ये एकदाच "हं" म्हणालास. मग विचारलंस, "आईला माहीत होतं? तू मला कळवलं नाहीस हे?"

मी म्हणाले, लिहून कळवते. तू फोन ठेवलास.

टाळलं, कारण मागच्या पत्रातही एक वाक्य खोटं आहे. मला राहवलं नाही म्हणून मी फोन लावला, हे. तो फोन मी लावलेला नाही. आईने लावायला लावला.

दुपारचे चार वाजले असतील. मी तिला चमच्याने पाणी देत होते. ती म्हणाली, "छोट्याला फोन लाव आता." मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "निघालाय तो, येईलच."

ती म्हणाली, "अगं, आठ दिवस कुठल्या रस्त्यात असेल तो?"

तिने माझ्या हातातला चमचा बाजूला केला. "मला तिसऱ्याच दिवशी कळलं. तुला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात तुझे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी काही मागितलं नाहीस," ती म्हणाली. "हे न विचारता घेतलंस. म्हटलं, घेऊ दे पोरीला." मग जरा दम खाऊन म्हणाली, "त्या दिवशी पिक्चर थांबवायला सांगितला, तेव्हा समजशील वाटलं होतं. आता पुरे. आता त्याला बोलाव."

समजले होते, छोट्या. आठव्या दिवशीच समजले होते. तरी तीन दिवस घेतले.

हे तुला सांगू नये असं मला वाटत होतं, आणि ते माझ्या अब्रूसाठी नाही. तुझा राग आजवर सबंध माझ्यावर होता, आता त्यातला थोडा तिच्याकडे जाईल. तुला वाटेल, आईलाही माहीत होतं आणि तिनेही मला बोलावलं नाही. वाटेलच. पण तू विचारलंस, आणि तुला आता खोटं सांगायचं नाही हे मी ठरवलं आहे.

एक तेवढं ऐक. फोन झाल्यावर तू खरंच निघालास, आणि ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माझे दात दे." पंधरा दिवस तिने ते लावले नव्हते, हिरड्या वाळल्या होत्या, बसत नव्हते. मी घासून, कड उतरवून पुन्हा पुन्हा लावून बघत होते, तिला दुखत होतं आणि ती म्हणत होती, "राहू दे, बसव तसेच, तो घाबरेल नाहीतर." मग केस विंचरून घेतले. मग पलंगाची दिशा बदलायला लावली. टीव्हीकडे पाठ झाली. मी विचारलं, काही लावू का, तर हाताने नको म्हणाली.

राग धरायचा तर माझ्यावर धर. तिच्याकडे एक संध्याकाळ उरली होती, आणि ती तिने दात लावून, दाराकडे तोंड करून बसून काढली.

ताई